हिंमतरावांच्या नावची मोटार

पोलीस ठाणे बुलढाणा, मध्यप्रांत व वऱ्हाड. तारीख २२ डिसेंबर १९३७, वार बुधवार, दुपारी दीड वाजता.

नाव अर्जुनराव वल्द उकंडराव म्हस्के, वय ३६ वर्षे, जात मराठा, धंदा शेती, शिक्षण मराठी सातवी व इंग्रजी चौथी, राहणार उंद्री, तालुका चिखली. जबाब लिहून घेणारे हेड मोहरीर पुंजाजी यांनी विचारल्यावरून समक्ष सांगतो की,

आम्ही दोघे भाऊ. थोरले हिंमतराव, त्यांना मी दादा म्हणतो, व धाकटा मी. शेती एकत्र आहे. दादाला मूलबाळ नाही. वहिनींचे नाव सत्यभामाबाई. दादा सन १९१६ मध्ये लढाईवर गेला व बसरा येथे तीन वर्षे मोटार ड्रायव्हर होता. त्याच्याकडे मेजर कॅलवर्ट साहेबांची मोटार होती. व्हॉक्सहॉल कंपनीची, सन १९१५ ची बनावट, पंचवीस घोड्यांची शक्ती, वरून उघडी, कापडी टप असलेली. एकदा ती मोटार नाल्यात घसरून डावा मडगार्ड फाटला. दादाने बिस्किटाच्या डब्याचा पत्रा ठोकून त्यावर तीन रिबिटा मारल्या. लढाई संपल्यावर साहेबांनी ती मोटार सरकारकडून विकत घेऊन विलायतेस नेली. दादा घरी आला. ही हकीकत मी अठरा वर्षे ऐकत आलो आहे. आमच्या गावातही सर्वांना पाठ आहे.

चालू सालच्या फेब्रुवारीत साहेबांचे पत्र आले. ते इंग्रजीत असल्याने मी डिक्शनरी घेऊन वाचले. साहेब म्हातारे झाले होते. मोटार शेडमध्ये उभी आहे, चालू स्थितीत आहे, येथे तिला कोणी विचारीत नाही, तुला पाहिजे असल्यास माफक किमतीत देतो, अशा अर्थाचा मजकूर होता. मी तो वाक्यावाक्याने सांगत होतो. मोटार हा शब्द आला तेव्हा दादा उठून उभा राहिला आणि पत्र संपेपर्यंत बसला नाही. नंतर म्हणाला, "पुन्हा वाच." मी चार वेळा वाचले.

वहिनी म्हणाल्या, "कुठं ते बसरा, कुठं ते विलायत, अन् कुठं आपली उंद्री. रस्ता कोन दाखवन तिले?"

दादा म्हणाला, "तिले माह्या हाताची सवय हाय. तुले शेजारी बसवून चिखलीच्या बाजारात नेतो का नाई पाह्य."

वहिनी म्हणाल्या, "पह्यले गोठ्याचं दार त मोठं करा. मोटार का शिंगं खाली घालून आत येनार हाय?"

दुसऱ्या दिवशी दादाने गोठ्याचे दार दोन हात जास्त रुंद करावयास घेतले. तेव्हा साहेबांना उत्तरही गेलेले नव्हते.

कामाची वाटणी दादाने त्याच दिवशी केली. "कागद तू पाह्य अर्जुना, गाडी मी पाह्यतो." त्याप्रमाणे सर्व पत्रव्यवहार मी केला आहे. विक्रीचे बीजक, साहेबांचा मोटार जुनी व वापरलेली असल्याचा दाखला, विम्याचा कागद, जहाजाची बिल्टी म्हणजे माल चढविल्याची पावती, जकातीचा कागद व मलकापूरपर्यंतची रेल्वेची बिल्टी असे एकूण सहा कागद आज हजर करीत आहे. सर्वांवर मालकाचे नाव हिंमतराव वल्द उकंडराव म्हस्के असे आहे. पैकी पहिले चार आले तेव्हा दादाने ते स्वतः हातात घेऊन पाहिले. त्याला इंग्रजी येत नव्हते, तरी प्रत्येक शिक्क्यावर बोट ठेवून "हे काय?" असे विचारीत असे. जहाजाच्या बिल्टीवर लंडनचा जांभळा शिक्का आहे. तो पाहण्यास गावातील पुष्कळ मंडळी घरी आली.

मुंबईस जकातीचे काम एका दलाल कंपनीमार्फत केले. त्या कंपनीत किसनराव नावाचे कारकून आहेत. ते मूळचे आपल्याच जिल्ह्यातील दुसरबीडचे, म्हणून मी त्यांना मराठीत लिहीत असे. सप्टेंबरमध्ये त्यांचे पत्र आले की, बावीस वर्षांची वस्तू आहे, जकातीचे साहेब विचारतील ही मोटार आहे की भंगार, तर काय लिहावे? मी दादाला विचारले. दादा म्हणाला, "लिही, चालते ते मोटार अन् बसून राह्यते ते साहेब." हे मी लिहिले नाही. चालू स्थितीतील जुनी मोटार असे लिहिले.

दसऱ्याच्या दिवशी दादाने गोठ्याच्या नव्या दाराला तोरण बांधले. त्या दिवशी जहाज समुद्रात होते.

दिनांक २९ ऑक्टोबरपासून दादाला ताप होता. दिनांक ३१ रोजी त्याने मला वही घेऊन शेजारी बसविले व मोटार चालू करण्याची रीत तोंडाने सांगितली. मी सतरा कलमे लिहून घेतली. मी म्हटले, "तुला सगळे पाठ आहे, मग लिहायचे कशाला?" दादा वहीकडे बोट करून "पुढचं लिही," म्हणाला.

दिनांक ६ नोव्हेंबरची नोंद आमच्या गावच्या कोतवाल बुकात आहे. त्या तारखेस तेथे दादाचे नाव लिहिलेले आहे. मी येथे पुन्हा सांगत नाही.

तेरावा झाल्यावर, दिनांक १९ नोव्हेंबर रोजी, मी मुंबईस किसनराव यांना कार्ड टाकले. वर ती बातमी लिहिली व त्याखाली, यापुढील कागद माझ्या नावाने करावेत, असे लिहिले. एकाच कार्डावर दोन्ही मजकूर लिहिला ही चूक माझी आहे. अशा बातमीचे कार्ड कोणी घरात ठेवीत नाही, वाचून लगेच फाडतात, हे मला माहीत होते. तरी कार्ड आपण कंपनीला लिहीत आहोत असे माझ्या मनात होते. किसनरावांना ते घरच्यासारखे पोचले. त्यांनी ऑफिसच्या जिन्यात कार्ड वाचले, तेथेच फाडले, नळाखाली डोके ओले केले व मग कामावर गेले. खालचा मजकूर त्यांच्या मनातून गेला. कंपनीच्या फायलीत माझे कार्ड लागले नाही आणि पुढील दोन कागदही दादाच्याच नावाने झाले. रेल्वेची बिल्टी दिनांक १८ डिसेंबर रोजी टपालाने आली, तिच्यासोबत किसनरावांनी हे सर्व स्वतः लिहून कळविले आहे. ते पत्र हजर करीत आहे.

मोहरीर यांनी विचारले की, बातमी कळविली याचा पुरावा म्हणून ते कार्डच पाहिजे, इतका महत्त्वाचा कागद फाडला काऊन? मी म्हणालो, "तुमच्या घरी ठेवतात का?" मोहरीर यांनी सांगितले की, त्यांच्याही घरी ठेवीत नाहीत.

त्याच टपालाने मलकापूर मालधक्क्याचीही सूचना आली की, पेटी आलेली आहे, मुदतीत उचलावी. नाव बदलून आणण्यास पुन्हा मुंबईस लिहावे लागले असते. मी प्रथम मलकापुरास जाऊन खरी हकीकत सांगावी असे ठरविले. निघताना वहिनींना सांगण्यास मधल्या घरात गेलो. त्या ६ नोव्हेंबरपासून उंबऱ्याबाहेर आलेल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "घेऊन या. वेशीवर भोंगा वाजला की मले समजन. मंग येतो मी बाहेर."

काल दिनांक २१ रोजी सकाळी आठ वाजता मी मलकापूर मालधक्क्यावर पोचलो. पेटी लाकडी, सुमारे दहा हात लांब, सर्व बाजूंनी पट्ट्या मारलेली. लोक भोवती जमले होते. कोणी म्हणे सर्कशीतला वाघ आहे. पेटीची एक फळी प्रवासात सरकली होती, त्या फटीतून मी आत पाहिले. पितळी दिवा दिसला. दादाने सांगितला होता तसाच, वर चिमणीसारखे टोपण असलेला.

त्याच वेळी मालबाबूंनी आतून पुकारा केला, "हिंमतराव वल्द उकंडराव कोन हाय? सही करा लवकर, बाकीच्याईले बी माल न्यायचा हाय."

मी म्हणालो, "मीच."

हे मला कोणी सांगितलेले नव्हते. माझे लक्ष दिव्याकडे होते. ही सबब म्हणून सांगत नाही. पुढे वहीवर व बिल्टीवर सही केली ती 'हिंमतराव उकंडराव' अशी, दादाच्या वळणाने केली. दादाची सही मी पाहत आलो होतो, ती मला करता येते हे मला तेथे कळले.

पेटी फोडण्यास दीड तास लागला. चाके काढून आत बांधलेली होती, प्रत्येकाला पोत्याचे कापड गुंडाळलेले होते. मी प्रथम डाव्या बाजूस जाऊन मडगार्ड पाहिला. ठिगळ होते. तीन रिबिटा होत्या. वरून हिरवा रंग दिलेला होता, पण उन्हात तिरपे पाहिल्यास बिस्किटवाल्याची अक्षरे उठून दिसतात. मी त्यावर हात ठेवला. तेथे मी किती वेळ उभा होतो हे सांगता येत नाही. मोटारीची ओळख पटण्यास ही खूण पुरेशी आहे, पंचनाम्यात नोंद घ्यावी.

मला मोटार चालविता येत नाही. मलकापूर-बुलढाणा सर्व्हिस मोटारीवरील ड्रायव्हर कडूबा याची काल व आज सुट्टी होती, तो गर्दीत पाहत उभा होता. त्याच्याजवळ लायसन आहे. तो म्हणाला, "हिंमतराव, हे आजीबाई सुरू करून दाखवतो मी. पैशाचं मंग पाहू. पन चावी कुठं हाय हिची?"

मी सांगितले की, हिला चावी नाही, हँडल आहे, आणि वही उघडली. चाके चढवून, हवा भरून, पाणी, तेल व पेट्रोल घालून होईपर्यंत दुपारचे दोन वाजले. नंतर मी कलमे वाचीत गेलो व कडूबा तसे करीत गेला. पेट्रोलचा नळ उघडावा. ठिणगीची दांडी पूर्ण मागे घ्यावी. पेट्रोल कमीजास्त करण्याची हाताची दांडी एक बोट पुढे करावी. अकरावे कलम असे की, हँडल धरताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवावा, वळसा घालू नये, नाही तर हँडल उलटून मनगट मोडते.

कडूबा म्हणाला, "दहा वर्षं झाली मोटारी चालवून राह्यलो, मले अंगठा शिकवता का?" तरी त्याने अंगठा बोटांच्या बाजूला घेतला. पहिल्या फिरवणीस काही झाले नाही. लोक हसले. एक जण म्हणाला, "बैल जुपा हो पाटील, बैल." दुसऱ्या फिरवणीस हँडल उलटे आले व त्याच्या हातातून सुटले. कडूबाने मनगट पाहिले, वहीकडे पाहिले व म्हणाला, "कोनं लिहिलं हे? शहाना मानूस हाय." मी पुढचे कलम वाचले. हँडल घट्ट धरून, ठिणगीची दांडी पुन्हा पाहून, एकदाच झटका द्यावा, ती उठेल.

तिसऱ्या झटक्यास मोटार सुरू झाली. धक्क्यावरील पत्रे हादरू लागले. लोक आधी मागे सरले व मग ओरडले. मालबाबू लेखणी कानावर ठेवून बाहेर आले. मोटारीपुढे फोडण्यास मी नारळ आणला होता, तो एका म्हातारीने माझ्या हातून घेऊन स्वतःच फोडला. मीही ओरडलो, असे कडूबा सांगतो. मला आठवत नाही. मी सहसा मोठ्याने बोलत नाही.

आज सकाळी सात वाजता नोंदणीसाठी बुलढाण्यास निघालो. वाटेत मोताळ्यास थांबलो. कडूबाला रस्त्यावरचा प्रत्येक माणूस ओळखतो. गाडीवाला असो की टांगेवाला, जो विचारील त्याला तो ओरडून सांगे, "उंद्रीचे हिंमतराव! विलायतेहून आनली मोटार!" ते लोक मला रामराम करीत. "हिंमतराव, झकास हाय गाडी!" "हिंमतराव, आमाले बसवा कधी!" मी प्रत्येकाला हात केला. राजूर घाटात पाणी उकळले तेव्हा दोन वेळा थांबून टाकीत पाणी घातले. तेथे बैलगाड्या थांबल्या होत्या, त्यांच्यापैकी एकाने कळशी दिली व म्हणाला, "घ्या हिंमतराव." घाट चढून वर आल्यावर कडूबाने वेग वाढविला. कापडी टप फडफडत होता. माझी टोपी उडाली ती घेण्यास आम्ही थांबलो नाही.

मलकापूर ते बुलढाणा सुमारे अठ्ठावीस मैल आहे. तेवढ्या अंतरात दादाचे नाव किती वेळा घेतले गेले हे मी मोजले नाही. ६ नोव्हेंबरपासून आमच्या घरी ते नाव कोणी मोठ्याने घेत नाही. कडूबाचा गैरसमज होता हे मला पहिल्यापासून माहीत होते. मी तो दुरुस्त केला नाही. त्यात कडूबाचा काही दोष नाही.

अकरा वाजता नोंदणीच्या कचेरीत कागद दिले. कारकुनांनी सर्व कागद पाहिले, बरोबर आहेत म्हणाले, अर्ज समोर केला व विचारले, "हिंमतराव आपणच ना?"

मला उत्तर देता आले नाही. मालधक्क्यावर आले होते. येथे मागे मोटार उभी होती, इंजिन बंद केलेले होते, आणि खोलीत कोणी बोलत नव्हते. कारकुनांनी पुन्हा विचारले. मी सांगितले की, मी त्यांचा धाकटा भाऊ.

"मग ते काऊन नाही आले? मोटार त्यांची, सही त्यांची पाहिजे."

मी बिल्टीवरील सही दाखवून सांगितले की, ती मी केलेली आहे. तारीख काय, दादाची नोंद कोणत्या तारखेची, हेही सांगितले. माझ्यावर कोणी फिर्याद केलेली नव्हती. कारकुनांनी फौजदारसाहेबांना बोलाविले व मोटार ठाण्याच्या आवारात लावून ठेवण्यात आली.

कडूबा बाहेर होता. त्याला हकीकत कळल्यावर तो माझ्याजवळ आला व म्हणाला, "म्हंजे मी रस्ताभर कोनाले हाका मारून राह्यलो होतो?" त्याने हँडल फडक्यात गुंडाळून सीटखाली नीट ठेवले व मोटारीजवळ जाऊन बसला. अजून तेथेच आहे. जेवलेला नाही.

विचारल्यावरून सांगतो की, सही करताना कोणाला फसवून मोटार लुबाडावी असा माझा हेतू नव्हता. मोटारीचे पैसे आमच्या एकत्र शेतीतून दिलेले आहेत व त्याबद्दल घरात कोणाची तक्रार नाही. सही खोटी आहे हे मला मान्य आहे. त्याबद्दल जी शिक्षा होईल ती मला व्हावी. मोटारीला होऊ नये.

माझी विनंती एवढीच आहे की, मोटार आज उंद्रीस नेऊ द्यावी. येथून चिखलीवरून सुमारे सत्तावीस मैल आहे. दिव्यांत घालण्यास कार्बाइड नाही, म्हणून दिवस मावळण्यापूर्वी पोचणे जरूर आहे. आपण बोलावाल त्या दिवशी मी मोटारीसह हजर होईन.

मोहरीर यांनी विचारले की, नोंदणी आता कोणाच्या नावे करावयाची? कागद एकदा बंद झाल्यावर पुन्हा बदलता येणार नाही, नीट विचार करून सांगा. माझ्या नावे करावी असे कार्डात लिहिले होते. ते मी आता बदलतो. मोटार वहिनींच्या नावे करावी. शेजारच्या सीटवर त्यांना बसविण्याचे ठरलेले होते. त्यांच्या नावात दादाचेही नाव येते. मी सांगितले, "लिहा, सत्यभामाबाई जौजे हिंमतराव म्हस्के."

मोहरीर यांनी तसे लिहिले. मग लेखणी थांबवून म्हणाले, "अर्जुनराव, नवरा हयात असला त जौजे लिहितात. नसला त बेवा लिहा लागते. कायद्याचा कागद हाय. तुमी सांगसान तसंच लिहीन मी, पन तुमाले सांगा लागन."

मी थोडा वेळ मागितला. त्यांनी दिला. पाणीही दिले.

मी सांगतो की, दादा दिनांक ६ नोव्हेंबर रोजी पहाटे वारला. बेवा लिहा.

हा जबाब मोहरीर यांनी मला सावकाश वाचून दाखविला, मी तो ऐकला, स्वतः डोळ्यांखालूनही घातला. मी सांगितले तेच यात आहे. 'जौजे' हा एक शब्द खोडून त्यावर 'बेवा' लिहिला आहे, ती दुरुस्ती माझ्या सांगण्यावरून झाली असून तिच्याशेजारी माझी सही आहे. खालीही माझीच सही आहे, माझ्याच नावाने.

अर्जुनराव उकंडराव म्हस्के

समक्ष: पुंजाजी, हेड मोहरीर

शेरा: फौजदारसाहेबांच्या हुकमाने अर्जदाराकडून बोलावल्यास हजर राहण्याचा मुचलका लिहून घेऊन मोटार त्याच्या ताब्यात दिली. वेळ तीन वाजून पाच मिनिटे. चालक कडूबा, लायसन पाहिले. नोंदणीचा अर्ज सत्यभामाबाई बेवा हिंमतराव यांच्या नावे पुढे पाठविला. मालधक्क्यावरील सहीबाबत मलकापूर ठाण्यास कळविले आहे, पुढील चौकशी होईल. पंचनाम्यात भोंगा तपासावयाचा राहिला होता. मोटार निघण्यापूर्वी तपासला. वाजतो.

पुंजाजी